एका अर्जात अख्खी संध्याकाळ: रेझ्युमे आणि कव्हर लेटरला लागणारा वेळ आटोक्यात आणताना

तक्रार साधारण अशी असते. जाहिरात दिसते, रेझ्युमेची जुनी फाईल उघडली जाते, "दोन ओळी बदलून पाठवून देऊ" असं ठरतं. तीन तासांनी मार्जिन कमी करावं की फॉन्ट एक पॉइंटने लहान करावा, यावर खल चाललेला असतो आणि कव्हर लेटरची पहिली ओळ अजून लिहायचीच असते. पुढच्या जाहिरातीला पहिले पाढे पंचावन्न.

हे एखाद्या वेळी झालं तर दमलो होतो म्हणून सोडून देता येतं. दर अर्जाला होत असेल तर तो बिघाड आहे, आणि बिघाडासारखाच शोधायला हवा. आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचं, मग हात घालायचा. इतरांचे रेझ्युमे बघता बघता माझं एक मत पक्कं झालं आहे: प्रत्यक्ष लिहिण्यात वेळ फार जात नाही. तो जातो तेच तेच निर्णय दर वेळी नव्याने घेण्यात. ही जागा आपल्याला जमेल का, यातलं कोणतं काम सांगावं, किती सांगावं, कसं मांडावं, आता पाठवावं का. हे प्रश्न एकाच बैठकीत, एकाच फाईलवर, एकमेकांच्या पायात पाय घालत सोडवले की संध्याकाळ जाते. पुढचं सगळं निवारण या निर्णयांना वेगळं काढण्याचं आहे.

आधी मोजून बघा

अंदाजावर विसंबू नका, कारण आपल्या कामाच्या वेळेचा अंदाज बांधण्यात माणूस कच्चा असतो. ब्युहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असं विचारलं होतं. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस होतं. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. "अर्ध्या तासात होईल" हे आपलं रेझ्युमेबद्दलचं वाक्य त्याच जातीचं.

मोजायला ॲप लागत नाही. पुढच्या चार-पाच अर्जांच्या वेळी शेजारी एक कागद ठेवा आणि त्यावर पाच रकाने पाडा: जाहिरात वाचणं आणि ठरवणं, माहिती शोधणं आणि आठवणं, लिहिणं, सजवणं, पोर्टलवर भरणं. एका कामातून दुसऱ्यात गेलात की वेळ टाका. वर्ड वापरत असाल तर फाईल मेनूतल्या इन्फो पानावर 'टोटल एडिटिंग टाइम' असा आकडाही बहुधा सापडेल. फाईल नुसती उघडी राहिली तरी तो वाढू शकतो, त्यामुळे तो काटेकोर धरू नका. पण एका पानाच्या फाईलवर तिथे कित्येक तास दिसले की डोळे उघडतात.

पाचही रकान्यांत सारखा वेळ दिसणं दुर्मीळ. बहुतेकांचे एक किंवा दोनच रकाने फुगलेले असतात आणि कोणते, यावर उपाय ठरतो. म्हणून खालचं सगळं एकदम करायला घेऊ नका. ज्याचा रकाना फुगला आहे तिथे जा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं, की हाताशी जेवढा वेळ असेल तेवढा भरेपर्यंत काम पसरत जातं. त्यांचं उदाहरण होतं भाचीला पोस्टकार्ड पाठवणाऱ्या एका निवांत वृद्ध बाईंचं. कार्ड शोधायला तास, चष्मा शोधायला तास, पत्ता शोधायला अर्धा तास, मजकुराला सव्वा तास, आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी का हे ठरवायला वीस मिनिटं. नोकरी शोधणाऱ्याचा रविवार याहून वेगळा नसतो. त्यातही नीट बघा, लिहायला सव्वा तास आणि बाकीचा सगळा वेळ शोधायला आणि ठरवायला.

बिघाड: लिहिता लिहिता ठरतं, अर्ज करायचा की नाही

खूण सोपी आहे. डाउनलोडच्या किंवा डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये अर्धवट बदललेले रेझ्युमे पडलेले असतात, जे कधीच कुठे गेले नाहीत. तासभर काम झाल्यावर लक्षात येतं, की जाहिरातीत सक्तीची म्हणून दिलेली पात्रता आपल्याकडे नाही, किंवा रोजचा प्रवास झेपणारा नाही, किंवा मुदतच संपली आहे.

उपाय: फाईल उघडण्याआधी दहा मिनिटं, फक्त जाहिरातीसाठी. जाहिरात दोनदा वाचा. 'आवश्यक' आणि 'असल्यास उत्तम' या दोन गोष्टी वेगळ्या करा. आवश्यकमधलं बहुतांश तुमच्याकडे असेल तर पुढे चला. सगळंच्या सगळं जुळायची वाट बघू नका, तशी माणसं नोकरी देणाऱ्यांनाही क्वचित मिळतात. परवाना, नोंदणी, ठरावीक पदवी अशी कायद्याने लागणारी अट असेल आणि ती नसेल तर तिथेच थांबा. ठिकाण, पगाराचा पल्ला, शेवटची तारीख बघा. तीच जाहिरात पुन्हा पुन्हा येते आहे का, तेही बघा. ती जुनी असेल तर नियोक्त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जागा अजून दिसते का, एवढं तपासायला मिनिटही लागत नाही.

मग तिन्हीपैकी एक निकाल द्या. पूर्ण ताकदीचा अर्ज, साधा अर्ज, किंवा नाही. "बघू" हा चौथा निकाल ठेवू नका. 'बघू'च्या यादीतल्या जाहिराती पुन्हा पुन्हा वाचल्या जातात आणि दर वाचनाला वेळ खातात.

बिघाड: दर वेळी सगळं पुन्हा आठवावं लागतं

माझ्या मते मोठी गळती इथेच आहे, म्हणून जरा थांबतो.

बहुतेकांकडे रेझ्युमे ही एकच फाईल असते आणि तीच त्यांची आठवणही असते. गेल्या वेळी जागा पुरली नाही म्हणून जे काम गाळलं, ते कायमचं गेलं. या वेळी नेमकं तेच लागणार असतं. मग जुने मेल चाळायचे, त्या प्रकल्पाला नक्की कोणतं सॉफ्टवेअर होतं हे जुन्या सहकाऱ्याला विचारायचं, त्याच्या उत्तराची वाट बघायची.

यावर एक वेगळी फाईल लागते. तिला मूळ फाईल म्हणू. ही कधीही कुणालाही पाठवायची नाही. लांबीची मर्यादा नाही, सजावट नाही, साधा मजकूर. यात आजवर केलेलं प्रत्येक सांगण्याजोगं काम जाईल, आणि प्रत्येक नोंदीत या गोष्टी असतील: परिस्थिती काय होती, तुमच्याकडे काय आलं, तुम्ही नेमकं काय केलं, शेवटी काय झालं. मुलाखतीच्या तयारीत हीच चौकट 'स्टार' नावाने शिकवतात, त्यामुळे ही मेहनत पुढे दुसऱ्यांदा उपयोगी पडते. जोडीला महिना-वर्ष, वापरलेली साधनं, टीमचा आकार आणि जो आकडा खात्रीने माहीत आहे तो.

फरक कसा पडतो बघा. रेझ्युमेत ओळ असते, "मासिक अहवालाचं काम पाहिलं." मूळ फाईलमधली नोंद अशी असेल: "दर महिन्याचा विक्री अहवाल वेगवेगळ्या शाखांच्या एक्सेल फाईली हाताने जोडून व्हायचा. दोन दिवस जायचे, बेरजा चुकायच्या. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीने जोडणी बसवली, शाखांना एकच नमुना दिला. आता अर्ध्या दिवसात होतो. माझ्यानंतर आलेल्या माणसालाही तो चालवता यावा म्हणून सूचना लिहून ठेवल्या." या एका नोंदीतून तीन वेगळ्या ओळी निघतात. डेटाच्या जागेसाठी पहिली, समन्वयाच्या जागेसाठी दुसरी, प्रशिक्षणाकडे झुकणाऱ्या जागेसाठी शेवटची. लिहायचं काही उरत नाही. उचलायचं आणि कापायचं.

माझ्या कामात आकडेच नसतात, असं पुष्कळजण म्हणतात. विक्रीचे किंवा बचतीचे आकडे नसतील, पण आकार असतो, वारंवारिता असते, जबाबदारी असते. वर्गात किती मुलं, पाळीत किती रुग्ण, आठवड्याला किती फोन, कुलपाची किल्ली कुणाकडे, वरिष्ठ रजेवर असताना सही कुणाची. पहिलीच नोकरी शोधणाऱ्याने अभ्यासक्रमातले प्रकल्प, स्पर्धा, संयोजन, शिकवण्या, घरच्या व्यवसायातलं काम हे सगळं याच चौकटीत लिहावं.

आणि एक आग्रहाची सूचना. रेझ्युमे इंग्रजीत जाणार असला तरी मूळ फाईल मराठीत लिहा. इंग्रजीत लिहायला बसलं की डोकं शब्दांच्या मागे लागतं आणि काय घडलं ते मागे राहतं; मग जाहिरातीतूनच उचललेली, कुणालाही लागू पडतील अशी वाक्यं उतरतात. मराठीत एखाद्या मित्राला सांगावं तसं लिहिलं की तपशील धडाधड येतात. इंग्रजी वाक्य नंतर, त्या नोंदीची गरज पडेल तेव्हा, एकदाच घडवायचं आणि नोंदीखालीच साठवायचं. एक ओळीचं एक रूप, तीन ओळींचं एक रूप.

ही फाईल एका बैठकीत होणार नाही आणि तसा हट्टही धरू नका. सर्वांत अलीकडच्या कामापासून मागे जा. जुने अप्रेझलचे फॉर्म, पाठवलेले मेल, कॅलेंडर, कौतुकाचे मेसेज ही खाण आहे. नोकरी सोडताना ऑफिसचा मेल बंद होतो, तेव्हा स्वतःच्या कामाचा तपशील आधीच लिहून ठेवा. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रं उचलून आणू नका, तुम्हाला हवी आहे ती आठवण, दस्तऐवज नव्हे. पुढे महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं नवीन नोंदींसाठी पुरतात, नोकरी शोधत नसतानाही.

बिघाड: जाहिरातीप्रमाणे बदल करायला गेलं की थांबताच येत नाही

"प्रत्येक जागेसाठी रेझ्युमे बदला" हा सल्ला सगळे देतात, किती बदला ते कुणी सांगत नाही. मग पूर्ण पान पुन्हा लिहिलं जातं.

लॅडर्स या नोकरीविषयक कंपनीने रिक्रूटरच्या नजरेचा माग घेऊन केलेली पाहणी प्रसिद्ध आहे. २०१२ साली पहिल्या नजरेला सुमारे ६ सेकंद, २०१८ साली ७.४ सेकंद असे आकडे आले. त्यातही नजर बहुतेक वेळ नाव, सध्याचं आणि आधीचं पद, कंपन्या, तारखा आणि शिक्षण यांवर फिरत होती. ही पहिली चाळणी आहे, अंतिम निर्णय नव्हे, आणि अशा पाहण्या छोट्या असतात. तरीही दुसऱ्या पानाच्या तळाशी असलेल्या ओळीचा कीस पाडत बसायचं कारण उरत नाही.

म्हणून बदलाच्या जागा तीनच ठेवा. वरचा दोन-तीन ओळींचा सारांश, कौशल्यांचा क्रम, आणि अलीकडच्या नोकरीखालच्या पहिल्या तीन ओळी. बाकी पानाला कुलूप. हे जमण्यासाठी मूळ फाईलमधून दोन किंवा तीन पायाभूत रेझ्युमे करून ठेवा, जाहिरातींप्रमाणे नव्हे तर कामाच्या प्रकारांप्रमाणे. कुणाचा एक लेखापरीक्षणाकडे झुकलेला आणि एक आर्थिक विश्लेषणाकडे, कुणाचा एक शिकवण्याचा आणि एक अभ्यासक्रम लिहिण्याचा. चौथा प्रकार लागतोय असं वाटलं तर रेझ्युमेपेक्षा शोधाची दिशा तपासायची वेळ आली आहे.

यातला पुष्कळ वेळ भीतीपोटीही जातो. एटीएस, म्हणजे अर्ज गोळा करून ठेवणारं सॉफ्टवेअर, आपला रेझ्युमे फेकून देईल ही ती भीती. ७५ टक्के रेझ्युमे माणसाच्या नजरेला पडतच नाहीत, हा आकडा सगळीकडे फिरतो. त्याच्यामागे दाखवता येईल असा अभ्यास नाही. अशी सॉफ्टवेअर मुख्यतः फाईलमधला मजकूर काढतात, रकान्यांत बसवतात आणि भरती करणाऱ्याला शोधता येईल असा साठवतात. काहींत जुळणीनुसार क्रमही लागतो. थेट बाद करणं होतं ते बहुधा फॉर्ममधल्या थेट प्रश्नांवर: परवाना आहे का, अमुक वर्षांचा अनुभव आहे का.

त्यामुळे तपासणी दोन मिनिटांची आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. क्रम नीट आला, तारखा योग्य नोकरीपाशी आल्या, फोन नंबर गायब झाला नाही, तर पुष्कळ झालं. हेडर-फूटरमध्ये आणि टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवलेला मजकूर इथे भलत्या जागी येऊ शकतो, आणि दोन स्तंभांचा मजकूर एकमेकांत मिसळू शकतो. जाहिरातीतला शब्द तुमच्या कामाला खरोखर लागू असेल तर तुमच्या शब्दाऐवजी तोच वापरा. संक्षेप असेल तर एकदा पूर्ण रूपही द्या. पांढऱ्या अक्षरांत लपवलेले शब्द वगैरे उद्योग करू नका. मजकूर बाहेर काढला की ते सगळ्यांना दिसतात.

बिघाड: एक ओळ घातली की पान मोडतं

टेबल, स्तंभ, कौशल्यांच्या पट्ट्या, गोलात बसवलेला फोटो. असे टेम्प्लेट पाहताना छान आणि बदलताना छळ. एकच स्तंभ, एकच फॉन्ट, वर्डच्या स्टाइल्स वापरून केलेली शीर्षकं, एवढ्यावर या. तारखा उजवीकडे न्यायला स्पेसबार बडवू नका, रूलरवर उजवा टॅब स्टॉप एकदा लावा. परिच्छेदांमधली जागा एंटरने नव्हे, परिच्छेदाच्या सेटिंगमधून द्या. हे एकदा केलं की ओळ वाढली-घटली तरी पान सावरतं.

आणि मजकूर पक्का होईपर्यंत सजावटीला हात लावायचा नाही. मजकूर साध्या फाईलमध्ये, सजावट शेवटची दहा मिनिटं. लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करून पान मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रेझ्युमे करणाऱ्यांना मी हे सांगत नाही, ते ऐकत नाहीत.

बिघाड: कव्हर लेटरची कोरी फाईल

पहिल्या वाक्यापाशी अडकणं हा इथला ठरलेला आजार. त्यावर उपाय म्हणजे पहिलं वाक्य शेवटी लिहिणं. सुरुवात मधल्या परिच्छेदापासून करा, कारण तिथे काय लिहायचं ते तुम्हाला माहीत असतं: जाहिरातीतली सर्वांत महत्त्वाची गरज कोणती, आणि ती तुम्ही पूर्वी कुठे भागवली. मूळ फाईलमधली नोंद उचला, पाच-सहा ओळींत सांगा. जमलं तर दुसऱ्या गरजेसाठी आणखी एक. मग "ही जागा आणि हीच संस्था का" याची दोन-तीन वाक्यं. मग शेवट. सगळ्यात शेवटी वरचं वाक्य, आणि ते साधं असलं तरी चालतं: अमुक पदासाठी अर्ज करत आहे, अमुक कामाचा इतका अनुभव आहे. तीनशे शब्दांच्या आसपास पत्र पुरतं, आणि त्याहून मोठं पत्र वाचणाऱ्याच्या वेळेवर हक्क सांगतं.

यातले पुरावे देणारे परिच्छेद पुन्हा पुन्हा लागतात, तेव्हा ते ठोकळ्यांसारखे साठवा. वर्डमध्ये मजकूर निवडून ऑल्ट आणि एफ३ दाबलं की तो 'बिल्डिंग ब्लॉक' म्हणून ठेवता येतो. लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल आणि एफ३ ने ऑटोटेक्स्ट उघडतं. गूगल डॉक्समध्ये प्रेफरन्सेसमधल्या सब्स्टिट्यूशन्समध्ये छोट्या खुणेच्या जागी ठरावीक वाक्य आणता येतं. काहीच नको असेल तर एक वेगळी फाईल, आणि तिथून कॉपी.

नव्याने लिहायचं ते फक्त 'हीच संस्था का'. इथे दुसरी गळती असते: संशोधनाच्या नावाखाली संस्थेचं संकेतस्थळ, मग बातम्या, मग लिंक्डइनवर तिथल्या माणसांची प्रोफाईलं, मग त्यांच्या आधीच्या कंपन्या. मारुतीच्या शेपटाला शोभेल असं हे वाढतं. पंधरा मिनिटांची मर्यादा घाला आणि एकच ठोस गोष्ट शोधा, जिचा तुमच्या कामाशी संबंध जोडता येईल. ती सापडली की टॅब बंद. नाही सापडली तरी टॅब बंद. मग कामाबद्दल लिहा, संस्थेची खोटी स्तुती करू नका.

ठोकळे वापरण्यातला धोका उघड आहे: जुन्या कंपनीचं नाव नव्या पत्रात राहतं. म्हणून साठवलेल्या मजकुरात जिथे जिथे नाव, पद किंवा तारीख बदलते तिथे @@ अशी खूण ठेवा. पाठवण्याआधी कंट्रोल आणि एफ दाबून @@ शोधा. एकही सापडता कामा नये. ही तपासणी दमलेल्या डोळ्यांनाही जमते.

जिथे कव्हर लेटर ऐच्छिक आहे तिथे काय? रेझ्युमेतून न दिसणारी एखादी गोष्ट सांगायची असेल, म्हणजे क्षेत्र बदलणं, मधला खंड, दुसऱ्या शहरात जायची तयारी, तर जरूर लिहा. नाहीतर मेलच्या मजकुरातच पाच ओळी पुरतात. जाहिरातीत 'पाठवू नये' असं म्हटलं असेल तर पाठवू नका; सूचना पाळणं हीही चाचणीच असते.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आल्यापासून हा प्रश्नच मिटला असं वाटणाऱ्यांसाठी थोडं. "या जाहिरातीसाठी पत्र लिही" एवढंच सांगितलं तर पत्र अर्ध्या मिनिटात येतं आणि ते दुरुस्त करायला चाळीस मिनिटं लागतात, कारण त्यात तुम्ही न केलेली कामं असतात आणि मुलाखतीत त्यांचं उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. त्याऐवजी मूळ फाईलमधली नोंद द्या आणि ती साठ शब्दांत बसवायला सांगा. जाहिरातीतल्या गरजा महत्त्वाच्या क्रमाने काढायला सांगा. तुमच्या पत्रात कोणती गरज राहून गेली ते विचारा. तिथे वेळ खरंच वाचतो. फोन नंबर, पत्ता आणि जुन्या मालकाचे अंतर्गत आकडे चिकटवू नका.

बिघाड: पोर्टलवर तेच पुन्हा टाईप करणं

रेझ्युमे चढवल्यावर सगळं पुन्हा रकान्यांत भरायला लावणारी पोर्टलं जाणार नाहीत. एक साधी टेक्स्ट फाईल करा: प्रत्येक नोकरीच्या तारखा, पदनाम, पत्ता, शिक्षणाची वर्षं आणि गुण, नोटीस कालावधी, संदर्भ देणाऱ्यांचा तपशील (त्यांना विचारून). "तुमच्याबद्दल सांगा" छापाच्या प्रश्नांची दिलेली उत्तरंही यातच जमा करा. पासवर्ड मात्र इथे नको, त्याला पासवर्ड मॅनेजर आहे. रेझ्युमेवरून आपोआप भरलेले रकाने एकदा वाचून घ्या, तारखा हमखास उलटसुलट होतात.

बिघाड: तयार आहे, पण पाठवलं जात नाही

हा वेळ कागदावरच्या कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही. आणखी एकदा वाचू, उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी बघू, अमक्याला दाखवू. अमका एक सुचवतो, तमका बरोबर उलटं सुचवतो, आणि पायाभूत रेझ्युमेच हलायला लागतो.

दुसऱ्याचं मत घ्यायचं ते पायाभूत रेझ्युमेवर, एकदाच, आणि त्या क्षेत्रात भरतीशी संबंध आलेल्या एक-दोन माणसांचं. प्रत्येक अर्ज कुणाला दाखवायचा नाही. अर्जासाठी मोठ्याने एक वाचन आणि एक छोटी यादी: संस्थेचं नाव, पदाचं नाव, फोन, ईमेल, तारखा, @@, फाईलचं नाव. यादी संपली की पाठवा. पाठवल्यानंतर सापडलेल्या स्वल्पविरामासाठी दुसरा मेल करू नका. फोन नंबरच चुकला असेल तर करा.

पाठवलेला रेझ्युमे, पत्र आणि जाहिरातीची प्रत एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरच्या नावात आधी तारीख लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. जाहिरातीची प्रत विसरू नका. मुलाखतीचा फोन येतो तेव्हा जाहिरात उतरलेली असते, आणि आपण नक्की कोणता रेझ्युमे पाठवला होता ते शोधण्यात पुन्हा एक संध्याकाळ जाते.

आठवडा कसा लावायचा

शोधणं, लिहिणं आणि पाठवणं वेगवेगळ्या बैठकांत करा. एका बैठकीत फक्त जाहिराती बघून निकाल द्यायचे. दुसरीत निवडलेल्यांचे बदल आणि पत्रं. तिसरीत, शक्य तर दुसऱ्या दिवशी, तपासून पाठवायचं. 'ताज्या डोळ्यांनी' वाचायची इच्छा अशी आपोआप पुरी होते. मुदत आजच संपत असेल किंवा अर्ज येतील तसे बघितले जात असतील तर अर्थातच हा क्रम मोडा.

घड्याळ लावून काम जमत असेल तर फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली पोमोडोरो पद्धत, २५ मिनिटं काम आणि थोडी विश्रांती, इथे बरी चालते. मूळ फाईल आणि पायाभूत रेझ्युमे तयार असतील तर साध्या अर्जाला असे दोन तुकडे पुरावेत आणि मनापासून हव्या असलेल्या जागेला चार-पाच, असा माझा ठोकताळा आहे. पहिल्या महिन्यात याहून जास्त लागेल, कारण ठोकळे अजून साठायचे असतात. तुमच्या कागदावरचे आकडे वेगळे पडले तर तेच खरे माना.

सरकारी किंवा विहित नमुन्यातल्या अर्जांना यातलं फारसं लागू नाही. तिथे शब्दांना वाव नसतो आणि वेळ जातो तो प्रमाणपत्रं, फोटोचा आकार आणि फाईलच्या केबीमध्ये. त्यासाठी सर्व कागदपत्रांचे नीट नाव दिलेले स्कॅन एका जागी, मोठ्या आणि छोट्या अशा दोन आकारांत ठेवा. संशोधन-अध्यापनाच्या सीव्हीलाही दोन पानांत बसवण्याचा नियम नसतो. तिथे प्रकाशनांची यादी अद्ययावत ठेवणं हेच मुख्य काम.

वेळ कमी झाला, तरी फोन येत नाहीत

हा वेगळा बिघाड आहे आणि त्यावर आणखी लिहीत बसणं हा उपाय नाही. अर्ज कुठे अडतो ते बघा. बऱ्याच अर्जांना काहीच उत्तर नसेल तर दहा मिनिटांच्या निकालाकडे परत जा. बहुधा जागा चुकीच्या निवडल्या जात आहेत, नाहीतर सारांश आणि पहिल्या तीन ओळी त्या कामाचं नावच घेत नाहीत. निवड नीट असूनही शांतता असेल तर अर्जांवरचा काही वेळ काढून ओळखीच्या माणसांशी बोलण्यात घाला, पुष्कळ जागा जाहिरातीत येण्याआधीच कुणाच्या तरी कानावर असतात.

आणि फोन येत असतील, मुलाखती होत असतील, पण पुढे जात नसेल, तर रेझ्युमे आपलं काम करतो आहे. नकार आला की पहिली फाईल तीच उघडायची सवय अनेकांना असते. ती बंद ठेवा, आणि मूळ फाईलमधल्या नोंदी मोठ्याने बोलून दाखवायचा सराव करा.